तव्यावरचा हात

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली. तेव्हा जे कोणी हे वाचेल त्याने चुका सांभाळून घ्याव्यात. खरं तर वाचणार कोणी नाही. मुलगा पुण्याला असतो, त्याला माझं अक्षर लागत नाही. तरी आधीच माफी मागितलेली बरी. माझा स्वभावच तसा आहे. कोणाचं दार वाजवायचं असलं तरी मी आधी मनात दोनदा माफी मागते आणि बरेचदा न वाजवताच परत येते.

लिहायचं आहे ते तापाबद्दल.

माझं माहेर निफाडकडचं. आईला तापातलं कळायचं. गल्लीतल्या बायका पोरं घेऊन यायच्या. आई कधी तळहाताने ताप बघायची नाही. हाताची मागची बाजू पोराच्या गळ्याला लावायची, मग झबलं वर करून पोटाला. म्हणायची, कपाळ फसवतं. उन्हातून आलं की तापतं, वाऱ्याला बसलं की गार पडतं. पोट फसवत नाही. आणि हातपाय गार पण पोट गरम असलं, की समजायचं ताप अजून चढायचा आहे.

आई म्हणायची, ताप आला म्हणजे अंग कामाला लागलं. आत काहीतरी शिरलंय, ते अंग भाजून काढतंय. आपण त्याला पाणी पुरवायचं, हलकं खायला द्यायचं, आणि मधे लुडबुड करायची नाही. थंडी वाजत असेल तर पांघरूण द्यायचं. थंडी गेली आणि अंग रसरसलं की पांघरूण काढून टाकायचं. लोक उलटं करतात, तापलेल्या पोरावर गोधड्या टाकतात. आई अशा बायकांवर ओरडायची, "चुलीवर झाकण कशाला ठेवता?" एवढी एकच गोष्ट ती मोठ्या आवाजात बोलायची. बाकी तीही माझ्यासारखीच होती, गप्प.

मला हे सगळं येत होतं. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते येत नसल्यामुळे झालं नाही.

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाताना रस्त्याच्या आत आमच्या खोल्यांची ओळ आहे. पुढच्या अंगाला मेस आहे, मागे खोल्या, मधे सगळ्यांचा एक नळ. दोरीवरचे कपडे झटकून घ्यावे लागतात, नाहीतर थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या, राखेची पूड बसते. नवरा गेल्यापासून मी शेवटच्या खोलीत एकटी राहते आणि मेसमध्ये पोळ्या करते. जेवायला सगळे थर्मलचे कंत्राटी कामगार. आम्ही दोघीजणी, दोन मोठे तवे. माझी जोडीदारीण बोलकी आहे, दोघींचं मिळून तीच बोलते. मी लाटते आणि भाजते. इतकी वर्षं तव्यासमोर गेल्यावर बोटांना काही लागत नाही. पोळी उलटायला मला उलथनं लागत नाही, फुगलेली पोळी मी हातानेच उचलते. जोडीदारीण म्हणते, "तुझ्या माहेरच्यांनी हुंड्यात चिमटा वाचवला."

शेजारच्या खोलीत एक जोडपं राहायला आलं. नवरा थर्मलमध्ये कंत्राटावर, दोघंही नांदगावकडची, बायको माझ्या मुलापेक्षाही लहान. त्यांना एक मुलगी, तेव्हा अजून शाळेत न जाणारी. तिची आई मला मावशी म्हणायची, म्हणून पोरगीही मावशीच म्हणायची. तिच्या आईने बरेचदा सांगून पाहिलं, "अगं, आजी म्हण." पोरगी म्हणायची, "आजी नांदगावला आहे. ही मावशी आहे."

शेवटच्या उंड्यातला थोडा तुकडा ठेवून मी तिच्यासाठी रोज एक चानकी करायची. तळहाताएवढी पोळी, वर तूप आणि साखर. ती मेसच्या मागच्या दाराशी उंबऱ्यावर बसून खायची आणि मला सगळं सांगायची. कोणत्या कुत्रीला पिल्लं झाली, बाबा काल का ओरडले, आईने बाजारातून काय आणलं नाही. मला उत्तरं द्यावी लागायची नाहीत. माझ्या दाराला दिवसभरात कोणाचा हात लागत असेल तर त्या पोरीचा. त्या घराशिवाय मला हाक मारणारं घर नव्हतं. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, पण मला ते चांगलं माहीत होतं.

लग्नसराई सुरू झाली तेव्हाची गोष्ट. शेजारणीच्या मावसबहिणीचं लग्न निफाडला होतं आणि त्या दिवशी हळद होती. सकाळी पोळ्यांची घाई असते. डबे भरून बाहेर जायचे असतात. शेजारीण मेसच्या मागच्या दाराशी आली. ठेवणीतली साडी, हातात पिशवी, कडेवर पोरगी. पोरीलाही नवा फ्रॉक घातला होता, पण ती आईच्या खांद्यावर मान टाकून होती.

"मावशी, जरा हात लावून बघा ना हिला. मला मघाशी कोमट लागली."

मी उजव्या हाताने तव्यावरची पोळी उलटली आणि तोच हात पोरीच्या कपाळावर ठेवला. गार लागलं. माठाला हात लावावा तसं गार.

"काही नाही गं. गार आहे."

"नक्की ना? नाहीतर मी जात नाय."

"नक्की. झोपमोड झाली असेल."

जोडीदारीण तव्यावरून म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी पास केलं. पळ आता, बस चुकेल. आणि येताना हळदीची जिलबी आण आम्हाला."

शेजारीण हसली आणि गेली. मला त्या दिवशी उगाच बरं वाटत राहिलं. माझं मत कोणी विचारलं होतं आणि मी ते चारचौघींत ठामपणे सांगितलं होतं. असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

दिवेलागणीला मी नळावर भांडी घासत होते तेव्हा मायलेकी परत आल्या. खरं तर मुक्काम करून लग्न लावूनच यायच्या होत्या. पोरीला शालीत गुंडाळलं होतं, डोक्याला कानटोपी. शेजारणीने माझ्याकडे बघितलं नाही. दार लागलं.

आमच्या खोल्यांच्या भिंती पातळ आहेत. पोरगी कण्हत होती. मग फोनवर सासूशी बोलण्याचा आवाज आला. "हो आई, दोन गोधड्या घातल्यात. नाय येत घाम. नुसती फणफणून राह्यलीय... हे कामावर हायेत, सेकंड शिफ्ट... नाय, सकाळी नव्हता. शेजारच्या मावशींनी बघितला होता, त्या म्हणाल्या नाय."

मी माझ्या दारात उभी राहिले, मग त्यांच्या दारात. हात वर केला आणि खाली घेतला. आत पोरगी पाणी मागत होती आणि तिची आई म्हणत होती, "आधी घाम येऊ दे." तेव्हा मी दार वाजवलं.

तिने दार उघडलं आणि उघडल्याबरोबर म्हणाली, "गार आहे म्हणाला होतात ना मावशी?"

मी आत गेले. पोरीच्या अंगावरची गोधडी बाजूला केली आणि हाताची मागची बाजू तिच्या पोटाला लावली. हात नुकताच नळाच्या पाण्यातून काढलेला होता. पोट भाजत होतं. तेव्हा मला सकाळचं कळलं. माझा हात सरळ तव्यावरून उतरला होता. त्या हाताला कोणाचंही कपाळ गारच लागलं असतं. आईची गळा आणि पोट बघायची रीत, मागच्या बाजूने बघायची रीत, सगळं मला पाठ होतं आणि मी पोळी करपू नये म्हणून तळहात ठेवून मोकळी झाले होते.

"माझा हात तव्यावरचा होता," मी म्हणाले. "म्हणून कळलं नाही."

"मग तेव्हा सांगायचं ना, हात गरम हाय म्हणून! मी तुमच्या भरवशावर घेऊन गेले हिला. तिथं पंख्याखाली, पाहुण्यांत, दिवसभर."

मी गोधड्या काढल्या, कानटोपी काढली, नवा फ्रॉक काढून साधं सुती झबलं घातलं. शेजारीण म्हणाली, "थंडी लागेल तिला." मी म्हणाले, "थंडी वाजायची ती वाजून गेली. पाय बघ, गरम झालेत. आता उघडी राहू दे." पातेल्यात कोमट पाणी केलं. गार पाणी घ्यायचं नाही, गार पाण्याने अंग शहारतं आणि ताप आत दडून बसतो असं आई म्हणायची. जुन्या धोतराचा मऊ तुकडा पिळून मी पोरीचा गळा, काखा आणि जांघा पुसत राहिले. पाण्याचे घोट चमच्याने दिले, एकदम पेलाभर दिलं तर उलटून पडतं. मग तांदळाची पातळ पेज केली, मीठ घालून. गवती चहा माझ्या दारात डब्यात लावलेला आहे, त्याची पात, आल्याचा लहानसा तुकडा, दोन तुळशीची पानं, असं उकळून गाळून थोडा गूळ घातला. पोरीने दोन चमचे घेतले आणि तिसऱ्याला तोंड फिरवलं.

शेजारीण बाजूला उभी राहून बघत होती. मग तिने मीठ-मोहरी घेऊन पोरीची दृष्ट काढली आणि तळपायाला कांदा चोळला. कांद्याने ताप उतरतो की नाही ते मला आजही माहीत नाही. पण तिला काहीतरी करायचं होतं, आणि मी मधे बोलले नाही.

जरा वेळाने पोरीला घाम आला आणि ती झोपली. शेजारीण म्हणाली, "जा आता तुम्ही. सकाळी काम असेल." बोलणं सरळच होतं, पण त्यात मावशी हा शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताप परत चढला. मी कामाच्या आधी आणि नंतर गेले. मुगाचं पाणी केलं, अंग पुसलं. शेजारणीने डॉक्टरांकडून औषध आणलं होतं, ते दिल्यावर उतरायचा आणि परत चढायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर पोरगी नुसती पडून होती. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघून काही सांगत नव्हती. ओठ सुकलेले. मी विचारलं, "शू कधी केली?" शेजारीण आठवत राहिली. सकाळपासून नव्हती केली.

माझी आई ज्या पोरांना हात लावायची नाही ती अशी पोरं. पोर रडत असलं, हट्ट करत असलं, तोवर आई घरीच बघायची. पोर गप्प झालं, मान टाकली, शू थांबली, पाणी पोटात राहिना, की ती त्या बाईला म्हणायची, "हे माझं नाही. दवाखान्यात ने." मी तेच म्हणाले. काढे वगैरे तिथवरच. त्यापुढे गवती चहाला काय कळतंय.

रिक्षाने गेलो. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. डासाचा ताप निघाला, पेशी कमी झाल्या होत्या. ॲडमिट करा म्हणाले आणि बाहेरच्या खिडकीत पैसे भरायला सांगितले. शेजारणीचा नवरा तिथे आला होता, थर्मलच्या कपड्यांतच. त्याने खिसा बघितला, मग फोन लावत बाहेर गेला आणि फोन लावतच राहिला. कंत्राटदाराने दोन महिन्यांचा पगार थकवला होता.

माझ्याकडे पैसे होते. ते कशासाठी होते तेही लिहिते. नवरा गेला तेव्हा सगळं उधारीवर करावं लागलं होतं, अगदी तिरडीच्या बांबूपासून. तेव्हापासून मी पिठाच्या डब्यामागे एका चौकोनी डब्यात माझ्यासाठी पैसे साठवत होते. मी गेल्यावर मुलाला पुण्याहून यायचं, गाडीभाडं, स्मशान, दहावं, तेरावं, चार माणसांचं जेवण. पोळ्यांच्या पैशातून थोडे थोडे टाकून तो डबा पुरता भरला होता. कोणावर भार नको, एवढंच माझं म्हणणं.

मी घरी आले, डबा घेतला आणि रिक्षाने परत गेले. शेजारणीच्या हातात डबाच दिला. पैसे मोजून द्यायला मला लाज वाटली.

"मावशी, हे कुठले?"

"होते. भर तू."

"मी फेडीन. थोडे थोडे करून फेडीन, पण फेडीन."

"बरं."

जोडीदारणीने पपईच्या पानांचा रस बाटलीत भरून पाठवला. डॉक्टर म्हणाले, "त्याच्यावर विसंबू नका, पातळ भरपूर पाजा." पोरीने रसाचा एक चमचा घेतला आणि म्हणाली, "शी, मावशी." ती माझ्याशी बोलली म्हणून मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि डोळे पुसले.

पोरगी बरी होऊन घरी आली. नांदगावहून तिची आजी आली, पेशी वाढाव्यात म्हणून डाळिंबं घेऊन. मला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. त्या दिवशी मी शेवटच्या उंड्याची चानकी करून ठेवली. पोरगी आली नाही. नळावर आजीचा आवाज कानावर आला. ती सुनेला म्हणत होती, "दुसऱ्याच्या हाताला कशाला लावायचं लेकरू? तुला हात नाय का? आणि त्या बाईला पुढं ना मागं कोणी." मी नळाकडे न जाता घागर घेऊन परत आले. चानकी कुत्रीला घातली.

शेजारणीने थर्मामीटर आणलं. काखेत धरलं की पीं पीं वाजतं. भिंतीपलीकडून तो आवाज मला ऐकू यायचा. पोरीला जरा शिंक आली की पीं पीं. मी मनात म्हणायची, बरं झालं, यंत्राला तवा नसतो.

दर महिन्याला पगार झाला की शेजारीण यायची. पहिल्या वेळी रिकामा डबाही परत घेऊन आली. उंबऱ्याबाहेर उभी राहायची, घडी केलेल्या नोटा द्यायची. मी म्हणायची, "घाई नाही गं." ती म्हणायची, "नाय, ज्याचं त्याला." आत ये म्हटलं तर म्हणायची, "गॅसवर ठेवून आलेय." मी दाराशी दोन पाट टाकून ठेवायला लागले, म्हणजे बसेल. ती बसली नाही. पण महिन्यातून एकदा का होईना दार वाजायचं. त्या तारखेच्या आसपास मी खोली झाडून पुसून ठेवायची.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मला ताप आला.

आधी वाटलं, तव्याची ऊब असेल. मग अंग मोडून आलं, डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं. काम उरकून घरी आले आणि पडले. मला बघायचं होतं की खरंच ताप आहे का. स्वतःचा हात स्वतःच्या कपाळाला लावला. काहीच कळलं नाही. कपाळही माझं आणि हातही माझाच, दोन्ही सारखंच तापलेलं. गळ्याला लावला, पोटाला लावला, तळहात, मागची बाजू. सगळीकडे तेच. स्टीलचा पेला गालाला लावला. पेला जरा वेळात कोमट झाला, म्हणजे असेल ताप. आईने मला सगळ्यांचा ताप बघायला शिकवलं होतं. स्वतःचा कसा बघायचा ते तिला माहीत नसावं, तिच्या कपाळावर हात ठेवायला आम्ही होतो ना.

एकटीने आजारी पडण्यातली अडचण अशी आहे की ज्याने पडून राहायचं त्यानेच उठून काढा उकळायचा. मी भिंत धरून उठले, गवती चहा तोडला, आलं ठेचलं. उकळी येईपर्यंत उभं राहवेना म्हणून ओट्याखाली बसले. काढा उतू गेला. उरला तेवढा प्याले. पेजेसाठी तांदूळ धुतले आणि तसेच राहू दिले. मीठ-साखरेचं पाणी तांब्यात करून उशाशी घेतलं आणि घोट घोट घेत राहिले. फडकं ओलं करून कपाळावर ठेवायची, ते गरम व्हायचं, उलटं करायची, परत गरम व्हायचं. मग उठून ओलं करायचा कंटाळा आला. मुलाला फोन करावा असं वाटलं. पण फोन केला की तो म्हणणार, "डॉक्टरकडे जा ना आई," आणि मी म्हणणार, "हो." मग तेवढ्यासाठी कशाला.

भिंतीपलीकडे टीव्ही चालू होता. भिंतीवर हात मारला असता तर त्यांना ऐकू गेलं असतं. मी मारला नाही. माझ्या हाताबद्दल त्या घरात काय बोललं गेलं होतं ते मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले नाही. दुपारी दार वाजलं. जोरात. शेजारीण होती, मागे पोरगी.

"मावशी, तुमची जोडीदारीण मेसमधून ओरडून राह्यली, म्हणते, माझ्याच्याने दोन तवे होत नाय, ती मेली का जिती ते बघून ये." मग तिने माझा चेहरा बघितला. चपला बाहेर काढून आत आली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

तिचा हात गार होता. नुकतंच धुणं धुतलं असावं, साबणाचा वास येत होता. मी डोळे मिटले. माझ्या कपाळावर शेवटचा हात कोणाचा होता ते मला आठवेना.

"बाप रे. भट्टी झालीय तुमची. कालपासून?"

"काल दुपारपासून."

"आणि भिंत नाय वाजवता आली?" ती चिडली होती. "आम्ही काय मेलो होतो पलीकडं? जा गं, ते पीं पीं आण." पोरगी पळत जाऊन थर्मामीटर घेऊन आली. शेजारणीने ते माझ्या काखेत धरलं, आकडा बघितला आणि मग सगळं तिनेच केलं. माझं पांघरूण काढलं. कोमट पाणी केलं, गळा आणि काखा पुसल्या. भिजत पडलेल्या तांदळाची पेज केली. मी तिच्या पोरीला केलं होतं त्याच क्रमाने. फक्त कांदा लावला नाही. मला हसू आलं तेव्हा म्हणाली, "हसताय काय? तुमचं बघूनच शिकले."

पोरगी उशाशी बसली होती. तिने मला विचारलं, "शू केली का मावशी?"

"केली."

"मग दवाखाना नाही," तिने आईला सांगितलं.

पेज पाजता पाजता शेजारीण म्हणाली, "मावशी, त्या दिवशीचं एक सांगू का?"

"सांग."

"मला लागली होती गरम. पोट पण गरम लागलं होतं. मला कळलं होतं ताप हाय म्हणून." ती चमच्याकडे बघत होती. "पण मला हळदीला जायचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सगळ्या बहिणी भेटणार होत्या. मला वाटलं, मावशी ताप नाय म्हणाल्या तर जाईन. आणि तुम्ही नाय म्हणालात. मग घरी आल्यावर सगळा राग तुमच्यावर काढला. सासूबाईंना पण तसंच सांगितलं."

मला राग यायला हवा होता का, कोण जाणे. आला नाही. तिच्या वयाची असताना मीही कुठेतरी जायला अशीच आसुसले असेन. मी म्हणाले, "माझा हात तव्यावरचा होता ते खोटं नाही."

"नसू दे. पण तुम्ही वर्षभर एकट्याच घेऊन बसलात ते."

मग ती रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ताप होता म्हणून, की तिने आधी हात लावला होता म्हणून, मला त्यात लाज वाटली नाही.

तिच्या नवऱ्याने मला दवाखान्यात नेऊन आणलं. साधाच ताप होता, पावसाळी. उतरला. मी कामाला गेले त्या दिवशी पोरगी मेसच्या मागच्या दाराशी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, मोठी कर आता. मी शाळेत जाते." तेव्हापासून चानकी जरा मोठी झाली.

ते महिने चांगले गेले. शेजारीण आत येऊन पाटावर बसायची, चहा घ्यायची. पैशांचं तेवढं तिने सोडलं नाही. मी म्हणायची, "आता कशाला गं." ती म्हणायची, "मावशी, तुमचं ते काम मला माहीत हाय. जोडीदारणीने सांगितलंय मला, कशाचे पैसे हायेत ते. ते अर्धवट ठेवून मला झोप नाय लागायची." मनातून मला वाटायचं, थोडे राहू देत. थोडे राहिले तर येत राहील.

मग नवऱ्याचं कंत्राट संपलं. नवीन कंत्राटदाराने जुनी माणसं घेतली नाहीत. त्याला नांदगावला चुलत्याच्या दुकानात काम मिळत होतं, तिथे घराचं भाडंही नव्हतं. त्यांनी जायचं ठरवलं. मला सांगताना शेजारीण माझ्याकडे बघत नव्हती, आणि मीही पोळीकडेच बघत होते. ती पोळी करपली.

जायच्या दिवशी टेम्पो नळापाशी उभा होता. कपाट, गॅस, पोरीची सायकल. जोडीदारीण मेसच्या दारातून म्हणाली, "जिलबी राहिली गं आमची. त्या हळदीची." शेजारीण म्हणाली, "पोरीच्या हळदीला देईन." सगळ्या हसल्या.

ती माझ्या खोलीत आली. मी तिला आणि पोरीला वाटेत खायला पोळ्या आणि गूळ बांधून दिला. गवती चहाचा एक ठोंब मुळासकट काढून ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. म्हटलं, "ओल राहू दे त्याला. आणि हात पाण्याने धुवून मग बघत जा ताप. मागच्या बाजूने."

"पोटाला," ती म्हणाली.

"हो, पोटाला."

पोरीने मला खाली वाकायला सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली, मग गळ्याला, आणि म्हणाली, "ताप नाही." मग ती टेम्पोत पुढे बसायला पळाली.

शेजारणीने ब्लाउजमधून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "शेवटचे. मोजून घ्या."

"कशाला मोजू."

"नाय, मोजा मावशी. माझ्या समोर मोजा."

मी मोजले. बरोबर होते. तिने माझ्या पायाला हात लावला आणि गेली. टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत मी दारात उभी होते.

मग आत आले. पिठाच्या डब्यामागचा चौकोनी डबा काढला, त्यात ते पैसे ठेवले आणि झाकण घट्ट लावलं. डबा परत पहिल्याएवढा जड झाला. पैसे पूर्ण फिटले.